कार्ड पाच लाखांचं, मग गोळ्यांचं बिल खिशातून का? इंदूरच्या ज्येष्ठांचे औषधखर्चाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एकतीस वर्षं मी मेडिकलच्या काउंटरच्या आतल्या बाजूला काढली. आता रविवारी सकाळी कॉलनीच्या सभागृहात टेबल मांडून बसतो. पोहे-जिलेबी उरकून रामबागेतली, लोकमान्य नगरातली मंडळी येतात. हातात कार्ड, पिशवीत गोळ्या. दर वेळी तेच विचारलं जातं, म्हणून एकदा लिहूनच काढलं. मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे. कोणती गोळी घ्यायची हे मी सांगत नाही. तिला किती पैसे पडतात आणि का, एवढं सांगू शकतो.

वय वंदना कार्ड आलंय. मेडिकलवर दाखवलं की बीपी-शुगरच्या गोळ्या फुकट मिळतील ना?

नाही. निम्मी मंडळी याच प्रश्नासाठी येतात आणि हिरमुसून उठतात.

आयुष्मान भारत योजना २३ सप्टेंबर २०१८ ला सुरू झाली ती दवाखान्यात भरती व्हावं लागलं तर उपयोगी पडावी म्हणून. यादीतल्या रुग्णालयात कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचा इलाज. २९ ऑक्टोबर २०२४ ला, धन्वंतरी जयंतीच्या दिवशी, ती सत्तरी गाठलेल्या सगळ्यांना खुली झाली आणि उत्पन्नाची अट गेली. त्याचं कार्ड ते वय वंदना. योजनेचा स्वभाव मात्र तोच राहिला: खाट मिळाली की कार्ड चालतं. ओपीडीत दाखवलं, पर्ची घेतली, कोपऱ्यावरच्या मेडिकलवर गेलात, तर त्या वाटेवर कार्डाला काही काम नाही.

आता म्हातारपणी भरती व्हायची वेळ दोन-चार वर्षांतून एकदा येते आणि गोळ्या तर रोज लागतात. १४ रुपयांची गोळी दिवसाला एक धरली, तर वर्षाला ५,११० रुपये. अशा पाच गोळ्या असल्या की २५,५५०. पाच लाखांचं कार्ड यातला एक रुपयासुद्धा उचलत नाही. देशाच्या एकूण आरोग्यखर्चातला लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. आनंदच आहे. पण त्या उताराचा वारा घरच्या गोळ्यांच्या डब्यापर्यंत आलेला मला तरी काउंटरवर जाणवला नाही.

म्हणजे कार्डावर औषध म्हणून काहीच मिळत नाही?

मिळतं, आणि लोक ते सोडून देतात. भरती असताना लागणारी सगळी औषधं पॅकेजात, म्हणजे त्या इलाजाच्या ठरवून दिलेल्या एकगठ्ठा रकमेत, धरलेली असतात. भरतीच्या आधीचे ३ दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस, या काळातल्या तपासण्या आणि औषधंही त्यातच येतात. डिस्चार्जचा कागद हातात घेताना विचारायचं, "पंधरा दिवसांची औषधं कुठून घ्यायची?" न विचारता घरी आलात, तर ती पर्ची घेऊन तुम्ही मेडिकलवर जाणार आणि पैसे मोजून मोकळे होणार.

माझ्या थोरल्या भावाला मागे भरती केलं होतं. रुग्णालय यादीतलं, कार्ड चाललेलं, सगळं रीतसर. दुसऱ्या दिवशी वॉर्डातून वहिनीच्या हातात चिटोरा आला: एक इंजेक्शन, सहा नग, बाहेरून आणा. वहिनी पर्स उघडून निघालीच होती. मी तो चिटोरा घेतला, खाली आयुष्मान मित्राच्या (रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनीसाच्या) खिडकीवर गेलो आणि म्हटलं, "यावर शिक्का मारून द्या, मी १४५५५ वर विचारून घेतो." आवाज चढवला नाही. दहा-बारा मिनिटांत इंजेक्शन वॉर्डातल्याच कपाटात सापडलं. १४५५५ हा योजनेचा हेल्पलाइन नंबर. कार्डाच्या मागे पेनाने लिहून ठेवा.

आणखी एक. रात्र न काढता होणारे काही इलाजही कार्डावर होतात. डायलिसिस, केमोथेरपी, मोतीबिंदूचं ऑपरेशन. केमोची महाग औषधं पॅकेजातून मिळतात, त्यामुळे घरात कॅन्सरचा पेशंट असेल तर कार्ड करायला एक दिवसही उशीर करू नका.

आम्ही दोघंही सत्तरीपुढचे. म्हणजे दहा लाख?

नाही. दोघांत मिळून पाच.

मी ७३ चा, ही ६६ ची. माझ्या कार्डावर हिचं होईल?

होणार नाही, काका. वय वंदना ज्याचं त्याच्या वयावर आहे. तुमचं घर आधीच गरीब कुटुंबांच्या आयुष्मान यादीत असेल, तर काकूंना त्या जुन्या पाच लाखांत धरलं जाईल आणि तुम्हाला सत्तरीचे वेगळे पाच लाख मिळतील. यादीत नसाल, तर त्यांना चार वर्षं थांबावं लागेल.

कार्डासाठी काय काय कागद लागतात? आणि शुगर वीस वर्षांपासून आहे, ते सांगितलं तर नाकारतील का?

आधार पुरे. वय त्यावरूनच धरतात. उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, पेन्शनची ऑर्डर यांची फाइल घेऊन येऊ नका. लोक आणतात, मला वाईट वाटतं. आयुष्मान अ‍ॅपवर नातू दहा मिनिटांत करून देतो. बोटांचे ठसे झिजलेले असतील तर चेहऱ्यावरून किंवा ओटीपीवरून ओळख पटवता येते. आधारला जुनाच मोबाइल नंबर जोडलेला असणं, हे काम अडण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण. जुना आजार लपवायची गरज नाही: पहिल्या दिवसापासून तो धरलेला आहे, थांबायची मुदत नाही.

हिवाळ्यात मुलाकडे पुण्याला असतो. तिथे चालेल?

यादीतल्या रुग्णालयात चालेल. कार्ड राज्याबाहेरही लागू आहे. जाताना फक्त एक करा: पर्चीची झेरॉक्स सोबत ठेवा आणि औषधांची नावं सॉल्टने, म्हणजे ब्रँडऐवजी आतल्या मूळ औषधाच्या नावाने, लिहून घ्या. इंदुरात सहज मिळणारा ब्रँड पुण्याच्या मेडिकलवर नसला की तिथला पोरगा "याच्यासारखं दुसरं" म्हणून काय देईल याचा नेम नाही.

मी केंद्र सरकारचा पेन्शनर. मला सीजीएचएस सोडून वय वंदना घ्यावं का?

सीजीएचएस, म्हणजे केंद्र सरकारच्या कर्मचारी-पेन्शनरांची आरोग्य योजना. तिच्यातल्यांना दोन्हींतलं एकच निवडावं लागतं, ईसीएचएस या माजी सैनिकांच्या योजनेतल्यांनाही तसंच. रोजच्या गोळ्यांच्या दृष्टीने बघाल तर माझं मत स्पष्ट आहे: सीजीएचएस सोडू नका. तिथे ओपीडी आहे आणि वेलनेस सेंटरवरून महिन्याची औषधं मिळतात. नेमकं तेच वय वंदनात नाही. महूकडच्या फौजी मंडळींनाही मी हेच सांगतो. ईसीएचएसच्या पॉलिक्लिनिकमधून मिळणाऱ्या गोळ्यांची किंमत वर्षभर वहीत मांडून बघा, मग ठरवा. ज्या केंद्रीय पेन्शनरांच्या गावात सीजीएचएस नाही, त्यांना ओपीडीसाठी महिन्याला १,००० रुपयांचा ठरीव वैद्यकीय भत्ता असतो. तो पेन्शनमध्ये येतोय की नाही हेही पुष्कळांनी पाहिलेलं नसतं.

आणि ईएसआयसी? आयुष्य मिलमध्ये गेलं.

परदेशीपुरा, नंदानगर भागातून हा प्रश्न हमखास येतो. मिलची आठवण निघाली की अर्धा तास जातो, तो जाऊ द्यावा.

ईएसआयसी म्हणजे कामगारांचा सरकारी विमा. निवृत्त कामगाराला, निवृत्तीआधी किमान पाच वर्षं विमा कापला गेला असेल तर, वर्षाला १२० रुपये भरून स्वतःसाठी आणि जोडीदारासाठी ईएसआयसीचा इलाज चालू ठेवता येतो. महिन्याला दहा रुपये! त्यात ओपीडीही आली, औषधंही आली. नंदानगरचं ईएसआयसी रुग्णालय आपल्याच शहरात आहे. शिवाय ईएसआयसी असलं तरी वय वंदना कार्ड काढता येतं. इथे सीजीएचएससारखी निवड करावी लागत नाही. अडचण असते ती कागदांची. मिल बंद पडली तेव्हा साठ वर्षं पुरी झाली नव्हती, विमा नंबर सापडत नाही, नावातलं आडनाव आधारवर वेगळं आहे. पगाराची जुनी स्लिप, कसलंही जुनं ईएसआय कार्ड, जे असेल ते शाखेत घेऊन जा. आईच्या ट्रंकेत बघा, तिथे सापडतं.

सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळतं म्हणतात. खरंच मिळतं का, की लिहून देतात बाहेरचं?

मिळतं. मध्य प्रदेशात २०१२ पासून सरदार वल्लभभाई पटेल निःशुल्क औषध वितरण योजना आहे. एम.वाय. या मोठ्या सरकारी रुग्णालयापासून वस्तीतल्या संजीवनी क्लिनिकपर्यंत बीपी, शुगरच्या नेहमीच्या गोळ्या पैसे न घेता देतात. बीपी आटोक्यात ठेवण्याचा जो राष्ट्रीय उपक्रम २०१७-१८ च्या सुमारास सुरू झाला, त्यातल्या पहिल्या पाच राज्यांत आपलं राज्य होतं. अ‍ॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड ही काही विरळा औषधं नाहीत.

आपली मराठी मंडळी तिथे जात नाहीत, ही खरी गोष्ट. "आता या वयात रांगेत?" असं म्हणतात आणि महिन्याला दोन-अडीच हजार मेडिकलवर ठेवून येतात. रांग असते हे मान्य. पण एम.वाय.च्या रांगेची भीती वाटणाऱ्याने गल्लीतलं संजीवनी क्लिनिक एकदा तरी बघावं. बीपी मोजतात, शुगर बघतात, गोळ्या देतात, तासाभरात घरी. ठरावीक गोळी कधीकधी संपलेली असते, तेव्हा तेवढी एक बाहेरून घ्यायची. सगळंच बाहेरून घ्यायचं कारण नाही.

जन औषधीचं औषध इतकं स्वस्त कसं? त्यात काहीतरी खोट असणार.

हा प्रश्न विचारताना लोक आवाज खाली आणतात, जणू मी रागावेन. रागावत नाही. कारण इतकी वर्षं त्यांच्या मनात हेच भरवलं गेलंय की महाग ते गुणकारी.

एका गोळीच्या किमतीत औषध किती आणि बाकीचं काय, ते बघा. मेटफॉर्मिनची पावडर ब्रँडेड गोळीतही तीच, साध्या गोळीतही तीच. ब्रँडच्या किमतीत कंपनीच्या प्रतिनिधीचा पगार येतो, त्याच्या मोटारसायकलचं पेट्रोल येतं, डॉक्टरांच्या टेबलावरची पेनं-डायऱ्या येतात, घाऊक आणि किरकोळ दुकानदाराचा नफा येतो. जन औषधी या स्वस्त औषधांच्या सरकारी योजनेत यातलं बरंचसं वगळलेलं असतं. सरकारी संस्था निविदा काढून एकगठ्ठा खरेदी करते, जागतिक आरोग्य संघटनेच्या औषधनिर्मिती मानकाच्या (डब्ल्यूएचओ-जीएमपी) कारखान्यांकडून घेते, प्रत्येक बॅच मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून मगच केंद्रावर येते. २००८ साली सुरू झालेली ही योजना बरीच वर्षं रखडली होती. आता देशभरात १५ हजारांहून जास्त केंद्रं आहेत आणि यादीत दोन हजारांवर औषधं. ब्रँडच्या मानाने भाव साधारण ५० ते ८० टक्के कमी.

खोट काय ते मी सांगतो, कारण आहे. हवी ती स्ट्रेंग्थ, म्हणजे हव्या तितक्या ताकदीची गोळी, केंद्रावर नसते. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मिळते, तिसऱ्या आठवड्यात संपते. काही ठिकाणी काउंटरवर फार्मासिस्ट नसतो. म्हणून जायच्या आधी जनऔषधी सुगम अ‍ॅपवर औषध आणि जवळचं केंद्र बघून घ्या, आणि गोळ्या संपायच्या आठ-दहा दिवस आधी जा, शेवटची गोळी पोटात गेल्यावर नको.

सावध राहायचं ते थोड्याच औषधांच्या बाबतीत: थायरॉइडची थायरॉक्सिन, फेफऱ्याची औषधं, रक्त पातळ करणारं वॉरफरिन. यांची मात्रा काट्यावर तोललेली असते. एका बनावटीवर बस्तान बसलेलं असेल तर डॉक्टरांना न विचारता इकडून तिकडे उड्या मारू नका. बदललंच, तर तपासणी करून घ्या.

मेडिकलवाल्याला सांगितलं, याच्याऐवजी स्वस्तातलं द्या. तो नाही म्हणाला. नफ्यासाठीच ना?

नफा असेलही, पण नियमही आहे. पाकिटावर लाल उभी रेघ असलेली औषधं पर्चीवरच मिळतात आणि पर्चीत जो ब्रँड लिहिलाय त्याऐवजी दुसरा देण्याची दुकानदाराला परवानगी नाही. मी स्वतः कितीतरी जणांना परत पाठवलंय.

उपाय एकच: डॉक्टरांना सॉल्टचं नाव लिहायला सांगा. २०१६ पासून डॉक्टरांच्या आचारसंहितेत जेनेरिक नाव, म्हणजे सॉल्टचंच, तेही सुवाच्य, लिहिण्याची सूचना आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये ते सक्तीचं करणारे नवे नियम आले आणि त्याच महिन्यात स्थगित झाले. म्हणजे डॉक्टर बांधील नाहीत, पण विनंती करायला आपल्याला कोण अडवतंय? "डॉक्टरसाहेब, पेन्शनवर आहे. जन औषधीचं चालेल असं लिहाल का?" एवढं वाक्य पुरतं. दहांतले सात-आठ लिहून देतात, हा माझा अनुभव. जे देत नाहीत ते कारण सांगतात, तेही ऐकून घ्यावं.

आमच्या इथे २० टक्के डिस्काउंटवाला मेडिकल उघडलाय. तो बरा की जन औषधी?

छापील किमतीवर २० टक्के सोडून कोणी धंदा करत असेल, तर मुळात छापील किमतीत हवा किती भरलेली होती याचा विचार करा. १५० रुपयांचं पाकीट २० टक्के कमी केलं तरी १२० ला पडतं. तेच औषध दुसरीकडे ४० ला असेल, तर सूट घेऊनही तुम्ही ८० रुपये जास्त दिले. टक्केवारी विचारू नका, एका गोळीचा भाव विचारा.

दवा बाजारात जाऊन घाऊक भावाने आणायची हौस काहींना असते. आर.एन.टी. मार्गावरची ती गर्दी, पार्किंग, रिक्षाभाडं धरलं तर महिन्याच्या गोळ्यांसाठी ते परवडत नाही. डायपर, शुगर तपासायच्या पट्ट्या असं मोठं सामान असेल तर गोष्ट वेगळी.

दर वर्षी एप्रिलमध्ये गोळी महाग होते. कोण ठरवतं हे?

राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरण, १९९७ पासून. २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाप्रमाणे अत्यावश्यक यादीतल्या औषधांना कमाल किंमत बांधलेली असते. ज्या ब्रँडांचा बाजारात किमान १ टक्का वाटा आहे, त्यांच्या दुकानदाराला पडणाऱ्या किमतींची सरासरी काढायची आणि वर १६ टक्के दुकानदाराचा नफा धरायचा, अशी रीत. २०२२ च्या यादीत ३८४ औषधं आहेत. या औषधांच्या किमती घाऊक महागाईच्या निर्देशांकाबरोबर हलतात: २०२३ मध्ये १२.१२ टक्के वाढायची मुभा मिळाली, २०२४ मध्ये जवळजवळ शून्य, २०२५ मध्ये १.७४ टक्के.

यादीबाहेरच्या औषधाला कमाल किंमत नाही; फक्त वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. आणि गोम इथेच आहे. सुटी गोळी यादीत असते, पण तीच दुसऱ्या एका-दोघींबरोबर एकाच गोळीत घातली की ती जोडगोळी बऱ्याचदा यादीबाहेर जाते. गोळ्यांची संख्या कमी झाली म्हणून पेशंट खूश, बिल मात्र चढलेलं. विसरभोळ्या माणसाला जोडगोळी सोयीची असते, हे मला पटतं. पण दोन सुट्या गोळ्यांचा भाव एकदा विचारून बघायला हरकत नाही.

जीएसटी कमी झाला ना?

झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवर १२ ऐवजी ५ टक्के आणि काही जीवरक्षक औषधांवर शून्य. वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्केही गेला.

गोळ्याच कमी करता येतील का?

इतक्या प्रश्नांत हा सगळ्यात कमी विचारला जातो, आणि पैसे खरे इथे वाचतात.

लोकमान्य नगरातल्या एका काकूंची गोष्ट. श्रीखंडाचा रिकामा डबा घेऊन आल्या. टेबलावर उपडा केला तर अकरा पाकिटं, काही कापलेली, दोन रबरबँड लावलेली, एकाची तारीख उलटलेली. काकूंना तीन डॉक्टर: हृदयाचे, हाडांचे आणि घराजवळचे. मी पाकिटं उलटी केली, कारण पुढच्या बाजूला ब्रँडचं नाव मोठं असतं आणि सॉल्ट मागे मुंगीच्या अक्षरात. भिंग लावून एकेक वाचत गेलो. हिरव्या पाकिटात पॅन्टोप्राझोल, निळ्यातही पॅन्टोप्राझोल: अ‍ॅसिडिटीची एकच गोळी, दोन नावांनी, एक हृदयवाल्यांची आणि एक हाडवाल्यांची. कॅल्शियम दोन. आणि टेल्मिसार्टन एका पाकिटात एकटं, दुसऱ्यात अ‍ॅम्लोडिपिनसोबत. म्हणजे बीपीचं तेच औषध सकाळीही, रात्रीही.

"काकू, सकाळी उठल्यावर गरगरतं का?"

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "तुम्हाला कसं कळलं? मी तर ते वयाचं समजत होते."

मी एकही गोळी बंद करायला सांगितली नाही. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या पानावर तीन रकाने आखून दिले: सॉल्टचं नाव आणि ताकद, कोणी लिहिली, कशासाठी. तो कागद आणि डबा घेऊन त्या आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेल्या. त्यांनी चार पाकिटं बाजूला काढली. अकराची सात झाली. पुढच्या रविवारी येऊन काकूंनी सांगितलं ते बिलाचं नव्हे, गरगरणं थांबल्याचं.

दोष कुणाचा म्हणायचा? हृदयाच्या डॉक्टरांना हाडांची पर्ची दाखवलीच नव्हती. "त्यांना राग येईल, दुसऱ्याकडे गेले म्हणून," हे कारण. ही भीड आपल्या पिढीला फार महाग पडते. तेव्हा तीन रकान्यांचा कागद प्रत्येक डॉक्टरांसमोर ठेवा आणि विचारा, "यातलं आता काय नको?" अ‍ॅसिडिटीची गोळी, व्हिटॅमिनं, जुन्या दुखण्यातली झोपेची गोळी, यांच्याबद्दल मुद्दाम विचारा. झोपेची गोळी मात्र एकदम तोडायची नसते, हळूहळू उतरवतात. आणि स्टेंट टाकल्यानंतरच्या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या पैसे वाचवायला आपल्या मनाने कधीही थांबवू नका. त्या बचतीचं बिल आयसीयूत येतं.

मी गोळी एक दिवसाआड घेतो, पुरवून पुरवून. चालतं ना?

चालत नाही, भाऊसाहेब. बीपी काही एक दिवसाआड चढत नाही. पैसे पुरत नसतील तर डॉक्टरांना तसं सांगा, स्वस्तातली गोळी निघते. अर्धी करून घ्यायची असेल तर गोळीवर मधोमध खाच आहे का बघा. नावापुढे एसआर, ईआर किंवा एक्सआर असेल, किंवा गोळीवर आतड्यात विरघळणारं आवरण असेल, तर सुरी लावू नका: दिवसभर झिरपायचं औषध एकदम सुटतं आणि आवरणाचा उपयोग राहत नाही.

इन्सुलिनचं पेन परवडत नाही. बाटली घेऊ?

डॉक्टर हो म्हणाले तर जरूर. साध्या ह्यूमन इन्सुलिनची बाटली पेनपेक्षा पुष्कळ स्वस्त पडते. पण सिरिंज जपून घ्या. आपल्याकडे ४० युनिटची बाटली सर्रास मिळते, तिला लाल टोपणाची सिरिंज. १०० युनिटच्या इन्सुलिनला नारिंगी टोपणाची. ही अदलाबदल झाली की मात्रा अडीच पटीने चुकते. काउंटरवर बाटली आणि सिरिंज शेजारी शेजारी ठेवून आकडे जुळवा. मोतीबिंदू असेल तर सुनेला जुळवायला सांगा.

शुगरची ती ६० रुपयांवाली गोळी आता १० ला मिळते म्हणतात. नकली असेल?

एम्पाग्लिफ्लोझिन म्हणत असाल तर नाही. मार्च २०२५ मध्ये तिचं पेटंट संपलं, आणि आपल्या कंपन्यांनी त्याच महिन्यात गोळ्या बाजारात आणल्या. आधी व्हिल्डाग्लिप्टिन, डापाग्लिफ्लोझिन, सिटाग्लिप्टिन यांचंही असंच झालं. डॉक्टरांनी जुन्या सवयीने मूळ ब्रँड लिहिला असेल, तर तेवढंच लक्षात आणून द्या.

सहा महिने मुलीकडे न्यू जर्सीला जातोय. तिथे म्हाताऱ्यांना सरकारी विम्यातून औषधं मिळतात म्हणे?

तिथल्या म्हाताऱ्यांना. पाहुण्यांना नाही. मेडिकेअर ६५ वर्षांपुढच्यांसाठी आहे आणि ग्रीन कार्ड असलं तरी सलग पाच वर्षं राहिल्याशिवाय त्यात शिरता येत नाही. त्यामुळे निघताना तीन महिन्यांपर्यंतची औषधं मूळ पाकिटात, इंग्रजी पर्चीसकट, हातातल्या बॅगेत.

पण तिथली गोष्ट ऐकण्यासारखी आहे. मेडिकेअरमध्येही आधी घरच्या गोळ्या धरल्या जात नव्हत्या. २००३ च्या कायद्याने तो भाग जोडला आणि १ जानेवारी २००६ पासून सुरू झाला. त्यातही अशी रचना की वर्षात ठरावीक खर्च झाला की मध्येच विमा हात काढून घेई. त्या खड्ड्याला तिथे 'डोनट होल' म्हणत. २०२२ च्या कायद्यानंतर इन्सुलिन महिन्याला ३५ डॉलरपर्यंत आलं, २०२५ पासून वर्षाला खिशातून २,००० डॉलरहून जास्त द्यावे लागत नाहीत (२०२६ साठी २,१००), आणि १ जानेवारी २०२६ पासून पहिल्या दहा औषधांना सरकारने कंपन्यांशी घासाघीस करून ठरवलेला भाव लागू झाला. त्यात आपली वरचीच एम्पाग्लिफ्लोझिन आहे, तिथे तिचं नाव जार्डियन्स: महिन्याची छापील किंमत ५७३ डॉलर होती, ठरलेला भाव १९७.

म्हणजे तिथे गोळी महाग आणि खर्चाला वरून झाकण. इथे गोळी स्वस्त, झाकण नाही. आपल्याकडे तिथल्यासारखे भाव नकोत, पण "अमुक रकमेपुढे ज्येष्ठाच्या खिशातून नाही" ही रेघ इथेही कोणीतरी ओढावी, असं मला एकतीस वर्षं बिलं फाडल्यावर वाटतं.

औषधांच्या बिलांवर करात काही सुटतं?

जुन्या करपद्धतीत असाल तर. साठीपुढच्या ज्या माणसासाठी आरोग्य विम्याचा हप्ता भरलेला नाही, त्याच्या औषधोपचाराच्या खर्चावर वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंत वजावट आहे. आयकराचं कलम ८०डी म्हणतात ती हीच. मुलाने आई-बाबांसाठी खर्च केला तर मुलालाही मिळते. रोख दिलेले पैसे धरत नाहीत, म्हणून यूपीआयने द्या आणि पक्कं बिल मागा. वय वंदनाला हप्ता नसतो, तेव्हा त्यामुळे वजावट अडू नये; तरी फॉर्म भरताना सीएला एकदा विचारा.

रविवारी येताना काय आणू?

डबा. आहे तसा, न आवरता, तारीख उलटलेली पाकिटंही असू द्या. पाकीट कापताना मागचं सॉल्टचं नाव आणि तारीख असलेला भाग शेवटपर्यंत ठेवा; पुष्कळदा नेमकं तेच कापून टाकलेलं असतं आणि मग मला गोळीचा रंग बघून अंदाज करावा लागतो. गेल्या तीन महिन्यांची बिलं, सगळ्या डॉक्टरांच्या पर्च्या, आधार लागलेला मोबाइल आणि चष्मा. भिंग माझ्याकडे आहे.